डॉकरमध्ये युजर नेमस्पेस रीमॅपिंग : सेटिंग एका ओळीचं, तयारी दिवसभराची

डॉकर डीमनला (मागे सतत चालणाऱ्या डॉकरच्या मुख्य प्रोग्रामला) युजर नेमस्पेस रीमॅपिंग, म्हणजे कंटेनरमधले युजर क्रमांक सर्व्हरवरच्या वेगळ्या क्रमांकांना जोडणं, लावायचं म्हणजे एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची, एवढंच बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ओळ लिहिली जाते, डीमन व्यवस्थित उठतो, आणि ‘डॉकर पीएस’ दिल्यावर पाटी कोरी दिसते. इमेज नाहीत, कंटेनर नाहीत, डेटाबेसचा व्हॉल्यूमही (डॉकरने डेटासाठी राखलेली जागा) नाही. घाबरून कोणीतरी कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली फाइल) पुन्हा चालवतं. डेटाबेस रिकाम्या व्हॉल्यूमवर नव्याने उभा राहतो, ॲप्लिकेशनला जुने युजर सापडत नाहीत, अपलोडच्या फोल्डरात लिहिता येत नाही. रात्री उशिरा कोणीतरी सगळ्या फोल्डरांना ७७७ परवानगी (कोणीही वाचा, लिहा, चालवा) देऊन टाकतं आणि ज्या सुरक्षिततेसाठी हा खटाटोप केला तीच निघून जाते.

हा क्रम मी वेगवेगळ्या टीममध्ये इतक्यांदा पाहिला आहे की आता कोणी विचारलं की मी आधी सेटिंग सांगतच नाही. आधी यादी, मग बॅकअप, मग आकड्यांचा हिशेब, आणि सेटिंग त्यानंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका.

हे सगळं लिनक्स सर्व्हरवर थेट चालणाऱ्या, रूट म्हणून धावणाऱ्या डॉकर इंजिनसाठी आहे. कमांड, फाइल आणि पर्यायांची नावं मी बोलताना म्हणतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्यायची.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

रीमॅपिंग नसताना कंटेनरमधला रूट, म्हणजे युजर क्रमांक ०, हा होस्टवरचाही (कंटेनर ज्या सर्व्हरवर चालतात त्यावरचाही) ० असतो. कंटेनरमधून एखादी प्रोसेस निसटली तर ती होस्टवर रूट म्हणूनच उतरते. रीमॅपिंगमध्ये कंटेनरमधल्या प्रत्येक क्रमांकात एक ठरावीक आकडा मिळवला जातो. हा आकडा ४००००० धरला तर हिशेब असा :

कंटेनरमधला ० → होस्टवर ४०००००
कंटेनरमधला ३३ → होस्टवर ४०००३३
कंटेनरमधला ९९९ → होस्टवर ४००९९९
कंटेनरमधला १००० → होस्टवर ४०१०००

होस्टवरचा जो क्रमांक या पट्ट्यात (इथे ४००००० ते ४६५५३५) बसत नाही, तो कंटेनरच्या आतून ६५५३४ म्हणजे ‘नोबडी’ असा दिसतो. अशा फाइलची मालकी कंटेनरमधला रूटसुद्धा बदलू शकत नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका वाक्यात आहे.

दोन गैरसमजही इथेच काढून टाका. रीमॅपिंगमुळे कंटेनर एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. सगळ्यांना एकच पट्टा मिळतो, त्यामुळे एका कंटेनरचा रूट आणि दुसऱ्याचा रूट होस्टवर एकच, ४०००००. दुसरा गैरसमज डॉकर ग्रुपचा. त्या ग्रुपमधला माणूस एका पर्यायाने रीमॅपिंग टाळून होस्टची अख्खी डिस्क माउंट करू शकतो. त्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे रूट असणंच, आणि ते रीमॅपिंगनंतरही तसंच राहतं.

## टप्पा १ : कोणते कंटेनर अडतील ते शोधा

रीमॅपिंग लावलेला डीमन काही गोष्टी सरळ नाकारतो. आपल्या कंपोज फाइली आणि स्क्रिप्ट उघडून हे शोधा :

१. होस्टचं नेटवर्क वापरणारे कंटेनर (‘--नेटवर्क होस्ट’).
२. होस्टच्या प्रोसेस पाहणारे कंटेनर (‘--पीआयडी होस्ट’). मॉनिटरिंगचे एजंट बहुधा यात सापडतात.
३. ‘--प्रिव्हिलेज्ड’ने चालणारे कंटेनर. सीआयमध्ये (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेत) डॉकरच्या आत डॉकर चालवत असाल तर तो इथेच मोडतो.
४. डॉकरचं सॉकेट (डीमनला हुकूम देण्याची फाइल) आत माउंट करणारे कंटेनर : ट्रॅफिक, पोर्टेनर, वॉचटॉवर आणि त्यांच्यासारखे. डीमन यांना नाकारत नाही, ते सुरू होतात. पण सॉकेटचा मालक होस्टचा रूट असल्याने आतून ‘परमिशन डिनाइड’ मिळतं.
५. डिव्हाइस फाइल आत तयार करणारं काही असेल तर तेही. आतल्या रूटला ती परवानगी उरत नाही.

अशा कंटेनरांना रीमॅपिंगमधून वगळता येतं (टप्पा ८ पाहा). पण तुमच्या दहापैकी सात कंटेनर या यादीत निघाले, तर त्या सर्व्हरवर रीमॅपिंग लावून हाती फार काही लागणार नाही. माझ्या मते तिथे आधी कंटेनरांची रचना सुधारावी आणि मग इकडे वळावं.

८० किंवा ४४३ पोर्टची काळजी मात्र करू नका. कंटेनरच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये तिथला रूट १०२४ खालची पोर्ट उघडू शकतो आणि होस्टवरचं पोर्ट डीमन स्वतः उघडून देतो.

## टप्पा २ : चालू अवस्थेतच नोंद करून घ्या

रीमॅपिंग लागण्याआधी होस्टवर दिसणारे क्रमांक हेच कंटेनरच्या आतले क्रमांक असतात. ही सोय रीस्टार्टनंतर राहत नाही, म्हणून आत्ताच वही उघडा.

पहिली नोंद, प्रत्येक कंटेनरची प्रोसेस कोणत्या क्रमांकाने धावते :

पीएस -ईओ यूआयडी,जीआयडी,सीएमडी

दुसरी नोंद, प्रत्येक बाइंड माउंट (कंटेनरला थेट जोडलेलं होस्टवरचं फोल्डर) आणि व्हॉल्यूममधल्या फाइलींची मालकी. इथे ‘एलएस -एलएन’ वापरा. त्यातला ‘एन’ महत्त्वाचा आहे. तो नसेल तर नावं दिसतात, आणि नावं फसवतात. पोस्टग्रेसचा ९९९ क्रमांक होस्टवर भलत्याच एखाद्या सर्व्हिसच्या नावाने दिसू शकतो.

नेहमी भेटणारे काही क्रमांक : डेबियनवर आधारलेल्या अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये ९९९, तिच्याच अल्पाइन आवृत्तीत ७०, डेबियनमधला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ ३३, नोड इमेजमधला ‘नोड’ युजर १०००, ग्राफानाचा ४७२. तरीही आपल्या सर्व्हरवर बघूनच लिहा. इमेज स्वतः बांधली असेल तर क्रमांक काहीही असू शकतो.

तिसरी नोंद बहुतेक लोक विसरतात : हाताने तयार केलेली नेटवर्क आणि स्वॉर्म (अनेक सर्व्हर जोडून केलेला डॉकरचा समूह). दोघांचीही माहिती डॉकरच्या डेटा फोल्डरात असते आणि रीमॅपिंगनंतर डीमन नवं फोल्डर वापरतो. त्यामुळे नेटवर्क पुन्हा तयार करावी लागतात, आणि स्वॉर्ममधला नोड आपण स्वॉर्ममध्ये होतो हेच विसरतो. स्वॉर्म वापरत असाल तर एकेक नोड रीतसर बाहेर काढून, रीमॅपिंग लावून, मग परत जोडा.

तपासा : वहीत प्रत्येक कंटेनरपुढे चार गोष्टी हव्यात. क्रमांक, व्हॉल्यूम, बाइंड माउंट, आणि टप्पा १ मधल्या यादीत तो येतो का. एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : बॅकअप, आणि तोही परत घालता येईल असा

डेटाबेस असेल तर त्याच्याच साधनाने डंप घ्या. पोस्टग्रेसला ‘पीजी_डंपऑल’, मायएसक्यूएलला ‘मायएसक्यूएलडंप’. डंपमध्ये फाइलींच्या मालकीचा प्रश्नच येत नाही, म्हणून माझी पहिली पसंती तीच.

बाकी व्हॉल्यूमसाठी टार (फाइलींचं एक गाठोडं बांधणारं साधन). आधी तो व्हॉल्यूम वापरणारा कंटेनर थांबवा, मग :

डॉकर रन --आरएम -व्ही प्रोजेक्ट_ॲपडेटा:/डेटा डेबियन टार --न्यूमेरिक-ओनर -सीएफ - -सी /डेटा . > ॲपडेटा.टार

यात ‘--न्यूमेरिक-ओनर’मुळे मालकी नावाने न जाता आकड्याने जाते. फाइल कंटेनरच्या आत न लिहिता शेलच्या बाणाने बाहेर काढली आहे, त्यामागचं कारण टप्पा ७ मध्ये कळेल.

डिस्कही बघून घ्या. जुन्या इमेज आणि जुने व्हॉल्यूम जागेवरच राहणार आणि सगळं नव्याने उतरणार. काही दिवस जवळजवळ दुप्पट जागा लागते. जागा नसेल तर आधी वापरात नसलेल्या इमेज काढा.

थांबा : फक्त स्वतःच्या मशीनवर बांधलेली, कोणत्याही रजिस्ट्रीत नसलेली इमेज असेल तर ती ‘डॉकर सेव्ह’ने फाइलमध्ये उतरवून ठेवा. नंतर ‘पुल’ करायला ती कुठेच नसेल.

## टप्पा ४ : कर्नल तपासा आणि पट्टा निवडा

पहिली पाहणी कर्नलची :

कॅट /प्रॉक/सिस/युजर/मॅक्स_युजर_नेमस्पेसेस

उत्तर ० आलं तर युजर नेमस्पेस तयारच होणार नाही. सेंटओएस ७ सारख्या जुन्या सर्व्हरवर हे हमखास भेटतं. सिसकंट्रोलमध्ये ‘युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस’ला १५००० सारखा आकडा द्या आणि तो रीबूटनंतरही टिकेल असा फाइलमध्ये लिहा. नव्या उबंटूमध्ये ॲपआर्मरचं जे बंधन आहे ते रूट नसलेल्या प्रोसेसवर आहे. आपला डीमन रूट म्हणून धावतो, त्यामुळे ते बंद करण्याची गरज नाही. ते बंद करून ठेवलेले सर्व्हर मी पाहिले आहेत. असं विनाकारण करू नका.

आता पट्टा. ‘/ईटीसी/सबयूआयडी’ आणि ‘/ईटीसी/सबजीआयडी’ या दोन फाइली उघडा. प्रत्येक ओळीत तीन भाग असतात : नाव, सुरुवातीचा क्रमांक, आणि किती क्रमांक. उबंटूवर पहिल्या युजरला बहुधा १००००० पासून ६५५३६ क्रमांक मिळालेले असतात, म्हणजे १६५५३५ पर्यंत. पुढचा पट्टा १६५५३६ पासून, त्यापुढचा २३१०७२ पासून.

डीमनला ‘डिफॉल्ट’ सांगितलं तर तो ‘डॉकरीमॅप’ नावाचा युजर बनवतो (डॉक आणि रीमॅप हे शब्द जोडून, मध्ये काही न घालता) आणि मोकळा पट्टा शोधायचा प्रयत्न करतो. सगळ्या लिनक्सवर हे आपोआप जमत नाही, म्हणून मी युजर आणि ओळी नेहमी हाताने घालतो :

युजरॲड -आर -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन डॉकरीमॅप

आणि दोन्ही फाइलींत ही एक ओळ :

डॉकरीमॅप:४०००००:६५५३६

४००००० निवडण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं सोयीचं : रात्री दोन वाजता लॉग वाचताना ४००९९९ बघितल्यावर हा आतला ९९९ हे डोक्यात लगेच येतं. तेच २३२०७१ दिसलं तर कॅल्क्युलेटर काढावा लागतो. दुसरं कारण सुरक्षिततेचं : ५२४२८८ पासून पुढचा मोठा भाग सिस्टमडी स्वतःच्या कंटेनरांसाठी राखून ठेवतो, आणि ४००००० ते ४६५५३५ हा पट्टा त्याच्या अलीकडे संपतो.

कंपनीत ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (कंपनीच्या युजरांच्या मध्यवर्ती यादीतून) एसएसएसडीने, म्हणजे ती यादी लिनक्सला जोडणाऱ्या सर्व्हिसने, लॉगिन होत असेल तर इथे थांबा. एसएसएसडी आपोआप क्रमांक देतं तेव्हा त्याची डिफॉल्ट सुरुवात २००००० पासून असते, आणि तो पट्टा दोनशे कोटींच्या पुढे जातो. मग ४०००३३ हा कंटेनरमधला वेबसर्व्हर आणि तुमच्याच ऑफिसातला एखादा माणूस, दोघं एकच ठरू शकतात. अशा ठिकाणी २१००००००००पासूनचा पट्टा घ्या, किंवा जी टीम हे क्रमांक वाटते तिच्याशी बोलून घ्या.

तपासा : ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’च्या यादीत ४००००० ते ४६५५३५ मधलं कोणी नाही. दोन्ही फाइलींत कोणाचाच पट्टा यावर चढत नाही. आणि ओळ *दोन्ही* फाइलींत आहे. एका फाइलीत विसरलात तर डीमन उठणार नाही.

## टप्पा ५ : डीमनला सांगा

१. सगळे कंटेनर थांबवा. ‘लाइव्ह-रीस्टोअर’ चालू असेल तर आधी ते बंद करून डीमन एकदा रीस्टार्ट करा. नाहीतर डीमन थांबला तरी जुने कंटेनर मागे चालूच राहतात, पोर्ट अडवून बसतात, आणि नव्या डीमनला ते दिसतही नाहीत.

२. ‘/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन’ची प्रत काढून ठेवा. डॉकर स्नॅपने बसवलं असेल तर ही फाइल स्नॅपच्या फोल्डरात असते, ईटीसीत नाही. इथे चुकीची फाइल बदलून अर्धा दिवस घालवणारे पुष्कळ आहेत.

३. फाइलीत आधीपासून जे आहे त्यात ही एक ओळ मिळवा :

“युजरएनएस-रीमॅप”: “डॉकरीमॅप”

आधीच्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम हवा आणि शेवटच्या ओळीनंतर नको. अवतरणचिन्हं सरळ हवीत. मोबाइलवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेली वाकडी चिन्हं चालत नाहीत.

४. हाच पर्याय सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलीत कमांडलाही दिला असेल तर एका ठिकाणचा काढा. दोन्हीकडे असला की डीमन सुरू व्हायलाच नकार देतो.

५. फाइलीच्या ‘फीचर्स’ भागात ‘कंटेनरडी-स्नॅपशॉटर’ (इमेज साठवण्याची वेगळी पद्धत) चालू केलेला असेल तर या कामासाठी तो बंद करा.

६. फाइल तपासून घ्या. डॉकर २३ पासून पुढे ही सोय आहे :

डॉकरडी --व्हॅलिडेट --कॉन्फिग-फाइल=/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन

७. आता रीस्टार्ट. हे सेटिंग ‘रीलोड’ने लागत नाही, डीमन पूर्ण थांबून उठावाच लागतो.

डीमन उठला नाही तर ‘जर्नलसीटीएल -यू डॉकर’ वाचा. पट्टा सापडत नाही असं लिहिलं असेल तर टप्पा ४ मधल्या फाइली पाहा. ग्राफरूटच्या (डॉकरच्या डेटा फोल्डराच्या) वाटेतलं एखादं फोल्डर रीमॅप केलेल्या रूटला अडवतंय अशी तक्रार असेल तर तुम्ही डेटा वेगळ्या डिस्कवर हलवलेला आहे आणि वाटेतल्या कुठल्यातरी फोल्डराची परवानगी ७०० आहे. त्या फोल्डराला इतरांसाठी फक्त ‘एक्स’ द्या, वाचण्याची परवानगी नको.

## टप्पा ६ : खरंच लागलं का ते बघा

‘डॉकर इन्फो’मध्ये सिक्युरिटी ऑप्शन्सखाली ‘युजरएनएस’ दिसायला हवं आणि डॉकर रूट डिरेक्टरी ‘/व्हार/लिब/डॉकर/४०००००.४०००००’ अशी. एवढ्यावर समाधान मानू नका. आणखी तीन गोष्टी करून बघा :

१. डॉकर रन --आरएम अल्पाइन कॅट /प्रॉक/सेल्फ/यूआयडी_मॅप
उत्तरात ०, ४००००० आणि ६५५३६ हे तीन आकडे यायला हवेत.

२. अल्पाइनमध्ये ‘स्लीप ३००’ चालवा आणि होस्टवर ‘पीएस -ईओ यूआयडी,सीएमडी’ बघा. स्लीपच्या पुढे ४००००० हवं. ० दिसलं तर काही लागलेलं नाही.

३. होस्टचं ‘/रूट’ फोल्डर आत माउंट करून त्याची यादी मागा. नकार यायला हवा.

तिसरी चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे थांबवण्यासाठी हे केलं ते थांबलं की नाही हे तीच दाखवते.

## टप्पा ७ : डेटा परत आणा

बहुतेकांचं काम इथे बिघडतं. घाई करू नका.

### व्हॉल्यूम

थांबा : ‘कंपोज अप’ देऊ नका. पोस्टग्रेसला रिकामा व्हॉल्यूम मिळाला की तो लगेच नवा डेटाबेस बनवतो. त्यावर जुना टार सोडला तर दोन्हींची खिचडी होते आणि त्यातून काहीच धड निघत नाही.

‘कंपोज क्रिएट’ द्या. त्याने नेटवर्क, व्हॉल्यूम आणि कंटेनर तयार होतात पण सुरू होत नाहीत. व्हॉल्यूमच्या नावापुढे कंपोज प्रोजेक्टचं नाव लावतं, त्यामुळे ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’मध्ये खरं नाव बघून घ्या. मग :

डॉकर रन -आय --आरएम -व्ही प्रोजेक्ट_ॲपडेटा:/डेटा डेबियन टार --न्यूमेरिक-ओनर -एक्सएफ - -सी /डेटा < ॲपडेटा.टार

यात मालकीचा कोणताही हिशेब तुम्हाला करावा लागत नाही. टार कंटेनरच्या आत उघडतो, तिथला रूट फाइलींना ९९९ देतो, आणि होस्टवर ते आपोआप ४००९९९ होतं. कित्येक लोक जुन्या फोल्डरातून नव्या फोल्डरात ‘सीपी’ने कॉपी करून मग मालकी बदलत बसतात. ते सगळं टाळा.

टार फाइल शेलच्या बाणाने आत दिली आहे तीही मुद्दाम. ती बाइंड माउंटने दिली असती आणि तिची परवानगी ६०० असती, तर कंटेनरला ती वाचताच आली नसती. फक्त लक्षात ठेवा की बाणापुढची फाइल तुमचा शेल उघडतो, सुडो नाही. म्हणून ही कमांड रूटच्या शेलमधून द्या.

डेटाबेसचा डंप घेतला असेल तर उलट करा : नवा कंटेनर रिकाम्या व्हॉल्यूमवर सुरू होऊ द्या आणि मग डंप आत घाला.

### बाइंड माउंट

इथे कंटेनर मदत करू शकत नाही. होस्टवरच्या फाइलींचे मालक पट्ट्याबाहेर आहेत, त्यामुळे आतल्या रूटने मालकी बदलायचा प्रयत्न केला तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. पोस्टग्रेससारख्या इमेज सुरू होतानाच डेटा फोल्डराची मालकी बदलतात, आणि नेमक्या तिथेच पडतात. हे काम होस्टवरच करायचं.

फोल्डरात एकच मालक असेल तर सोपं आहे :

चोन -आर ४०००३३:४०००३३ /एसआरव्ही/साइट/अपलोड्स

मालक दोन-तीन असतील तर ही कमांड सगळ्यांना एकच करून टाकते, आणि आधी कोण होतं ते पुन्हा कळत नाही. तिथे एकेक क्रमांक वेगळा हलवा :

फाइंड /एसआरव्ही/ॲप -यूआयडी ० -एक्झेक चोन -एच ४००००० {} +
फाइंड /एसआरव्ही/ॲप -यूआयडी ३३ -एक्झेक चोन -एच ४०००३३ {} +

ग्रुपसाठी हेच ‘-जीआयडी’ आणि ‘चग्रुप’ने करा. ‘-एच’ नसेल तर सिमलिंकऐवजी तिच्या पलीकडची फाइल बदलते, आणि ती फाइल या फोल्डराबाहेरची असू शकते. हलवलेले क्रमांक ४००००० च्या पुढे गेलेले असतात, त्यामुळे चुकून दोनदा चालवलं तरी काही बिघडत नाही.

सगळंच हलवायचं नसतं हेही ध्यानात घ्या. ६४४ परवानगीची कॉन्फिग फाइल होस्टच्या रूटकडेच राहू द्या. कंटेनर ती वाचू शकतो, बदलू शकत नाही, आणि तेच हवं. होस्टवरचा बॅकअप युजर आणि कंटेनर दोघांनाही लागणाऱ्या फोल्डरासाठी मालकी न बदलता एसीएल (एखाद्या क्रमांकाला वेगळी जादा परवानगी) द्या :

सेटएफएसीएल -आर -एम यू:४०००३३:आरएक्स /एसआरव्ही/शेअर

(शेवटचा ‘एक्स’ मोठ्या लिपीतला लिहा. मग तो फोल्डरांना लागतो आणि साध्या फाइली चालवण्याजोग्या होत नाहीत.)

लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं हे नेहमीचं दुखणं आहे. ‘लाइव्ह’ आणि ‘आर्काइव्ह’ या दोन फोल्डरांची परवानगी ७०० असते, म्हणून एनजिनएक्सचा कंटेनर तिथे शिरूच शकत नाही. ती फोल्डरं मोकळी करू नका. नूतनीकरणानंतर चालणाऱ्या डिप्लॉय हुकमध्ये प्रमाणपत्र आणि किल्ली एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करा, मालक ४०००००, परवानगी ६००, आणि कंटेनरला ते फोल्डर द्या.

तपासा : एकेक कंटेनर सुरू करा, सगळे एकदम नको. आतून एक फाइल लिहा, होस्टवर ‘एलएस -एलएन’ने तिचा मालक बघा, वहीतल्या क्रमांकात ४००००० मिळवून तोच येतो का ते ताडा.

## टप्पा ८ : अपवाद मोजकेच ठेवा

टप्पा १ मधल्या कंटेनरांना ‘--युजरएनएस=होस्ट’ द्या. कंपोजमध्ये ‘युजरएनएस_मोड’ला ‘होस्ट’. तो कंटेनर मग जुन्या पद्धतीने, खऱ्या रूटसह धावतो.

याचा एक परिणाम गोंधळात टाकतो. इमेजचे थर सगळ्या कंटेनरांना सामाईक असतात आणि ते आता ४००००० च्या मालकीचे आहेत. त्यामुळे वगळलेल्या कंटेनरमध्ये प्रोसेस ० म्हणून धावते, पण त्याची स्वतःची फाइल सिस्टम ४००००० ची दिसते. सुडो आपल्या फाइली रूटच्या मालकीच्या आहेत का ते पाहतो, म्हणून तो तिथे चालत नाही. सेटयूआयडी असलेले (फाइलीच्या मालकाच्या हक्कांनी धावणारे) बाकी प्रोग्रामही भलतंच वागतात. अशा कंटेनरमध्ये सुडोची गरज पडणार नाही अशी इमेज बांधा.

सॉकेट लागणाऱ्या कंटेनरांसाठीही लोक हाच पर्याय देतात. तो चालतो, पण सॉकेट हातात असलेला कंटेनर म्हणजे होस्टचा रूटच. बाहेरच्या जगाला तोंड असलेल्या प्रॉक्सीला ते देण्याआधी तिची कॉन्फिग फाइलीतून देता येते का बघा.

## अडलात तर

इमेज पुल होताना ‘अमुक क्रमांक होस्टच्या क्रमांकाशी जोडता येत नाही’ असं आलं, तर इमेजमध्ये ६५५३५ च्या वरच्या मालकाची फाइल आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं लॉगिन असलेल्या मशीनवर टार करून ती इमेजमध्ये घातली की हे होतं. इमेज आपली असेल तर डॉकरफाइलमध्ये मालकी दुरुस्त करा. दुसऱ्याची असेल तर दोन्ही फाइलींतला पट्टा वाढवा, पण टप्पा ४ मधली तपासणी पुन्हा करून.

कंटेनर चालतो पण फाइली ‘नोबडी’च्या दिसतात : बाइंड माउंट हलवायचं राहिलं आहे.

७७७ देण्याचा मोह होईल. देऊ नका. ते दिल्याने एकच कळतं, की अडचण मालकीची होती, आणि ते आपल्याला आधीच माहीत आहे. वहीतला क्रमांक काढा आणि मालकी नीट करा.

## परत फिरायचं असेल तर, आणि जुनं साफ करताना

‘युजरएनएस-रीमॅप’ची ओळ काढून डीमन रीस्टार्ट केला की जुन्या इमेज, कंटेनर आणि व्हॉल्यूम जसेच्या तसे परत दिसतात. ते कधी पुसलेच गेले नव्हते. मधल्या काळात आलेला नवा डेटा मात्र ४०००००.४००००० मध्ये राहतो, आणि बाइंड माउंटची मालकी हाताने मागे न्यावी लागते. म्हणून परत फिरायचं असेल तर पहिल्या तासाभरात ठरवा. ग्राहकांच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये पडायला लागल्या की मागे येणं महाग पडतं.

सगळं सुरळीत चालून आठवडा-दोन आठवडे झाले, नव्या जागेवरून एक बॅकअप घेऊन तो परत घालूनही बघितला, की मग जुनी जागा मोकळी करा. त्यासाठी ‘/व्हार/लिब/डॉकर’ हे फोल्डर कधीही सरसकट पुसू नका. तुमचा आत्ताचा चालू डेटा त्याच्याच पोटात ४०००००.४००००० या नावाने आहे. ठरवलेल्या वेळेत कंटेनर थांबवा, रीमॅपिंगची ओळ तात्पुरती काढा, डीमन रीस्टार्ट करा, आणि ‘डॉकर इन्फो’मध्ये रूट डिरेक्टरी जुनीच दिसते आहे हे डोळ्यांनी बघून मगच डॉकरकडून जुने कंटेनर, इमेज आणि व्हॉल्यूम काढून घ्या. मग ओळ परत घाला, रीस्टार्ट करा, आणि टप्पा ६ मधल्या चाचण्या पुन्हा चालवा.